थोरल्या वेलीची तक्रार

घरात फ्रिज नवीनच आला होता, त्या काळची ही गोष्ट. यमुताईंनी किवीचं बी ओल्या वाळूत घालून रुजायला थंडी हवी म्हणून दोन महिने फ्रिजमध्ये ठेवलं, घरच्यांची बोलणी खाल्ली आणि परसात दोन वेल वाढवले. पाचव्या वर्षी दोन्ही फुलले. फळं मात्र थोरलीलाच लागली.

मग थोरलीचा तोरा काय विचारता! ती छाटणीच्या कात्रीला म्हणाली, "हा धाकटा बघ. पाणी माझ्याइतकंच पितो, फुलं मिरवतो, आणि फळ एक नाही. अर्धा मांडव अडवून बसलाय मेला."

कात्रीला पटलं. यमुताईंना तर आधीच पटलं होतं. धाकटा बुंध्यापासून गेला.

पुढच्या वर्षी थोरली अख्ख्या मांडवावर पसरली, कधी नव्हे इतकी फुलली. पण फुलं नुसतीच गळू लागली. तिने मधमाशीला दरडावलं, "कामात लक्ष नाही वाटतं तुझं?"

"बाई, मी धाकट्याच्या फुलांतला पराग तुमच्याकडे आणत होते," मधमाशी म्हणाली. "आता कुठून आणू?"

एवढ्यात यमुताई कात्री घेऊन आल्या. कात्रीला गेल्या वर्षीचं सगळं पाठ होतं.

"पाणी पितेस, फुलं मिरवतेस," ती थोरलीला म्हणाली, "आणि फळ एक नाही."