न दिसणारी सरहद्द

आयर्लंडच्या सरहद्दीवर ओर्ला देव्हलिन नावाची बाई खानावळ चालवायची. तिचं गाव ब्रिटनच्या हद्दीत, तर लेक नि नातवंडं सरहद्दीच्या ओढ्यापलीकडे आयर्लंडमध्ये. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, ओढ्यावर पुन्हा नाकी बसतील, बंदूकवाले शिपाई उभे राहतील, या धास्तीनं तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

लोकांना धीर द्यायला लंडनहून एक मंत्री आले. सकाळच्या सभेत छाती फुगवून म्हणाले, "सरहद्दीवर झडती होईल, पण नाका नाही, शिपाई नाही. कुणाला काही दिसणारच नाही!"

"ते कसं काय, साहेब?" ओर्लानं विचारलं.

"बाई, तुम्हाला ते कळायचं नाही."

दुपारी मंत्री तिच्याच खानावळीत जेवायला बसले. ओर्लानं अदबीनं रिकामी ताटली पुढे ठेवली.

"जेवण कुठंय?" मंत्र्यांनी विचारलं.

"वाढलंय की, साहेब. फक्त दिसत नाही."

"थट्टा करता? यानं पोट कसं भरेल?"

"तेच तर मी सकाळपासून विचारतेय!"

खानावळीत हशा पिकला. मंत्री ओशाळून म्हणाले, "खरं सांगू, बाई? आम्हालाही अजून उत्तर सापडलेलं नाही."

"आता कसं पोटातलं ओठावर आलं!" असं म्हणत ओर्लानं त्यांना वाफाळता रस्सा वाढला.