मधाच्या पाण्याची सुट्टी

फार जुनी, म्हणजे मागच्या गणपतीच्याही आधीची गोष्ट. टिपणीस मॅडमच्या प्रयोगशाळेत जेलीचा एक गोळा राहायचा. तो डिंकासारख्या लांब साखळ्यांचा होता आणि बोरॉनिक आम्लाचे कण त्या साखळ्यांचे हात धरून बसायचे. सुटले तरी पुन्हा आपोआप धरायचे.

हे खरंच होतं का ते बघायला मॅडम रोज त्याला कात्रीने कापायच्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो परत अख्खा.

"आज तरी तुटलेला राहा ना रे," कात्री म्हणाली. "माझी धार गेली."

"ताई, मलाही एकदा नुसतं पसरून पडायचंय. पण हे हात ऐकतात का माझं?"

त्या दुपारी मॅडमच्या हातून मधाचं पाणी गोळ्यावर सांडलं. कणांनी साखळ्यांचे हात सोडले आणि मधातल्या साखरेचे धरले. गोळ्याचं पाणी झालं.

"आहाहा," बशीभर पसरत गोळा म्हणाला. "हीच ती सुट्टी."

"झोप बाबा," कात्री म्हणाली आणि तीही आडवी झाली.

तेवढ्यात मॅडम ओरडल्या, "साखर भेटली की विरघळतो! अगं बाई, मधुमेहाच्या औषधासाठी हेच तर हवं होतं!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच पाण्यात आणखी आम्ल, आणखी साखळ्या ओतल्या. आता गोळा पुन्हा घट्ट झाला, तोही बादलीभर. कात्री खणात गेली. टेबलावर मधाची बाटली आणि एक नवाकोरा चमचा आला.

"रोज?" गोळ्याने विचारलं.

"हो," चमचा उत्साहाने म्हणाला. "जेवणाआधी आणि जेवणानंतर."