बोटाने बुडवलेली घटका

एकदा एक कासार आपल्या सुनेला बैलगाडीत घालून निघायचा मुहूर्त विचारायला पंचांगकर्त्या गुरुजींच्या अंगणात आला. सून दोन दिवस अडली होती. मूल आडवं आलं होतं आणि ते फिरवू शकणारी सुईण घाटापलीकडच्या गावात राहत होती.

गुरुजी नदीवर स्नानाला गेले होते. त्यांच्या शिष्याने पंचांग उघडलं.

"भद्रा चालू आहे, काका. अशुभ काळ. अजून तीन घटका थांबा, मग निघा."

"तीन?" कासाराचा आवाज चिरकला. "बरं. तुम्ही म्हणाल तसं."

शिष्याने पाण्याच्या घंगाळात बारीक भोकाची तांब्याची वाटी सोडली. ती भरून बुडाली की एक घटका. एक बुडाली. दुसरी बुडाली. गाडीतलं कण्हणं क्षीण होत चाललं. पण शिष्याची नजर वाटीवरून हलेना. तिसऱ्यांदा सोडलेली वाटी जेमतेम पाव भरली होती, तोच गुरुजी ओलेत्याने आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं आणि बोटाने दाबून वाटी बुडवली.

"भद्रा संपली! हाक बैल!"

गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली. शिष्य उसळला.

"पाऊण घटका उरली होती, गुरुजी! तुम्ही खोटं बोललात!"

"बोललो. नुसतं 'जा' म्हटलं असतं, तर वाटेत मांजर दिसताच तो माघारी फिरला असता. इतकं भय आपणच घातलंय त्याच्या मनात. अरे, तिथी चंद्रसूर्याच्या चालीने ठरते. ते गणित चोख आहे. लग्न थांबू शकतं, मुंज थांबू शकते, म्हणून त्यांना मुहूर्त. ही पोर थांबू शकत होती का? दोन घटकांत तू एकदा तरी गाडीत डोकावलास?"

शिष्याने वाटी पाण्यातून काढून पालथी ठेवली.

संध्याकाळी निरोप आला. सून वाचली. मूल गेलं. थोडं आधी आणायला हवं होतं, असं सुईण म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी एक तेली प्रवासाचा मुहूर्त विचारायला आला. गुरुजी आत होते. शिष्याने पंचांगाला हात लावला नाही.

"आधी काम सांगा, दादा," तो म्हणाला. "थांबण्यासारखं आहे का?"