झेंड्यावरचा मुंगळा

कॉलेजांचे कबड्डी संघ आपल्या झेंड्यावर कोणाला घ्यायचं हे ठरवायला रानात जात, त्या काळातली ही गोष्ट. वाघ, गरुड, नाग आधीच ठरून गेले होते. कर्णधार सगुणा ढवळे आपला मुलींचा संघ घेऊन पोचली, तेव्हा एक मुंगळा तेवढा उरला होता.

वाघ खो खो हसला. “अगं, झेंड्यावर मुंगळा? लोकांना दिसायचा तरी कसा?”

“मला डरकाळी फोडता येत नाही,” मुंगळा सगुणाला म्हणाला. “आणि धरलेलं सोडता येत नाही.”

“मग चल आमच्याबरोबर!” सगुणा म्हणाली.

अंतिम सामना वाघांच्या संघाशीच पडला. गुण बरोबरीत होते आणि वाघांची मुलगी शेवटच्या चढाईला आली. सगुणाने तिचा घोटा धरला. सगुणा फरफटत गेली, कोपरं सोलली, मधली रेषा वीतभर उरली, तरी पकड सुटली नाही. चढाई करणारीचा दम तुटला आणि मैदान गरजलं, “मुंगळे! मुंगळे!”

सामना बघायला आलेला वाघ गुपचूप निघाला, तर शेपूट हलेना.

“निघालात कुठे, वाघोबा?” तोंडातलं शेपूट न सोडता मुंगळा म्हणाला. “आधी टाळ्या वाजवा.”