वाऱ्याला भ्यालेलं घर

फार जुनी गोष्ट आहे. त्या राज्याच्या राजाचं नाव आता कुणाला आठवत नाही, पण तिथली थंडी अजून लोकांच्या तोंडी आहे. उत्तरेच्या उंच डोंगरात एक गाव होतं. सहा महिने बर्फ आणि उरलेले सहा महिने बर्फाची तयारी, असं तिथलं आयुष्य. लहानांनो, तुम्हाला बर्फ म्हटलं की गंमत वाटेल. त्या गावात ती कुणाला वाटत नसे.

तिथे एक मेंढपाळ राहायचा. बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी, एवढा त्याचा संसार. माणूस कष्टाळू होता, शब्दाचा पक्का होता आणि पोरांवर जीव ओवाळून टाकणारा होता. त्याच्यात खोट काढायची म्हटली तर एकच होती. एकदा पोळला की तो आयुष्यभर ताकही फुंकून पीत बसे.

त्या गावातली घरं जाड मातीच्या भिंतींची असत. खिडकी नावाची वस्तू कुणी पाहिलेली नव्हती. एकच दार, आणि तेही इतकं बुटकं की खुद्द राजा आला असता तरी वाकूनच आत शिरला असता. थंडीच्या तोंडावर गावात एक दिवस पाळला जाई. त्याला वारेधरणी म्हणत. त्या दिवशी घरातला कर्ता पुरुष पेटती पणती घेऊन भिंतीच्या कडेकडेने फिरे. जिथे ज्योत हलेल तिथे फट आहे, असं समजायचं. "वारा घावला," असं तो म्हणाला की पोरं लोकर मिसळलेल्या चिखलाचे गोळे घेऊन धावत आणि फट बुजवून टाकत. मग सगळ्यांना गोड लापशी मिळे. पोरांना तो दिवस सणाचा वाटे. मोठ्यांना मात्र ठाऊक होतं की हा खेळ जिवाशी आहे.

एका वर्षी पीक बरं आलं आणि मेंढपाळाची कणगी काठोकाठ भरली. वारेधरणीच्या दिवशी तो पणती घेऊन कणगीपर्यंत आला. ती हलवायची तर सगळं धान्य उपसावं लागलं असतं.

"एवढ्या मोठ्या कणगीमागनं कुठला येतोय वारा," तो म्हणाला आणि पुढे गेला.

दोन्ही मुलगे त्या कणगीला लागूनच झोपत. ऐन हिवाळ्यात दोघांच्या छात्या भरल्या. शेकशेगडी झाली, काढे झाले, नवससायास झाले. आठ दिवसांत दोघेही गेले.

हिवाळा सरता सरता कणगी रिकामी झाली. मेंढपाळाने ती बाजूला सरकवली तेव्हा मागच्या भिंतीत एक फट दिसली. त्याने तिच्यात बोट घातलं. बोट पलीकडे बाहेर निघालं. 

त्याच संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "इथं राहायचं न्हाई."

गावातल्या एका जाणत्या म्हाताऱ्याने त्याला सांगितलं होतं, की दक्षिणेला सात नद्या ओलांडल्या की एक उबदार मुलूख लागतो. तिथे लोक बारा महिने अंगणात झोपतात आणि म्हातारपणाशिवाय कुणी खोकत नाही. बायकोने ते ऐकलं आणि ती चुलीपुढे बसून राहिली.

"आपली दोन इथं हायेत," ती म्हणाली. "त्यांना कुणाच्या भरवशावर टाकायचं?"

"तिसरी हाय ना," मेंढपाळ म्हणाला. "तिच्यासाठी चल."

तिने मुलांच्या थडग्यांवरचे दगड नीट रचले, हात पुसले आणि गाठोडं बांधलं. मेंढरं भावकीला देऊन टाकली. पोरगी सात-आठ वर्षांची होती. ती बापाच्या खांद्यावर बसली आणि तिघांनी डोंगर उतरायला सुरुवात केली.

वाट लांबची होती. पहिल्या दोन नद्या गोठलेल्या होत्या. चौथ्या नदीत पोरगी पाय बुडवून बसली. सहाव्या नदीकाठी त्यांनी अंगावरच्या घोंगड्या काढून पाठीवर घेतल्या. सातवी नदी ओलांडल्यावर पोरीने जन्मात पहिल्यांदा अनवाणी धावून पाहिलं. बापाने ते पाहिलं आणि किती तरी महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

त्या उबदार मुलखातली माणसं चांगली होती. परक्याला जागा देताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. नदीकाठच्या उंचवट्यावरची मोकळी जागा ते दाखवत होते, पण मेंढपाळाने मान हलवली. त्याने दोन टेकाडांमधली खोलगट जागा मागून घेतली.

"तिथं वारं लागत न्हाई रं," एक म्हातारी कुंभारीण म्हणाली. तिचं घर जवळच होतं.

"म्हणूनच तर," मेंढपाळ म्हणाला.

तिथली घरं बांबूच्या तट्ट्यांची होती. समोर एक दार, मागे एक दार, आणि मधून वारा बैलासारखा ये-जा करायचा. मेंढपाळाला ती घरं पाहूनच कापरं भरे. त्याने जशी जन्मभर पाहिली तशी हातभर जाडीची भिंत घातली. दार एकच ठेवलं आणि त्यावर चामड्याचा पडदा सोडला. गावातले लोक बघायला जमले. कुणी म्हणालं, हा धान्याचं पेव बांधतोय. कुणी म्हणालं, अस्वल पाळायचा विचार असेल.

कुंभारणीला राहवलं नाही. "काय रे बाबा, मडकी भाजायची का काय हितं?"

लोक हसले. मेंढपाळ हसला नाही. तो लिंपत राहिला.

म्हातारी मनाने वाईट नव्हती. ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "लेका, हितल्या उन्हाळ्यात वारा हाच काय तो आधार. त्याला पुढच्या दारानं घ्यायचं नि मागच्या दारानं सोडायचं. कोंडू नगंस."

"मावशी, तुमचा वारा तुमच्या वळखीचा असंल," तो म्हणाला. "मला त्याची वेगळी वळख हाय."

हिवाळा आला तो नावापुरताच. पोरगी दिवसभर कुंभारणीच्या नातींबरोबर खेळे, चिखलाच्या बाहुल्या करी आणि झोपायला घरी येई. तिचे गाल वर आले. मेंढपाळाला वाटलं, सात नद्या ओलांडल्याचं सार्थक झालं.

मग उन्हाळा लागला. तिथला उन्हाळा म्हणजे आभाळातून निखारे सांडावेत तसा. बाहेर ऊन म्हणून पोरीला घरात ठेवायची, आणि घर तर संध्याकाळनंतर बाहेरपेक्षा जास्त तापलेलं. पोरीचं खाणं तुटलं. तिचं अंग कढत लागे, ओठ सोलून निघत.

"बा, मला भायेर निजू दे ना," ती म्हणे. "समदी निजत्यात."

"भायेर वारा हाय, बाळा."

"त्यो चांगला हाय बा हितला."

"वारा कुठलाबी चांगला नसतो," बाप म्हणे आणि तिच्या अंगावर घोंगडी ओढून देई. डोंगरात तापलेल्या माणसाला पांघरूण घालत. त्याला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

पोरगी दिवसेंदिवस खंगत चालली आणि मग एकाएकी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, तिला उतार पडला. एका सकाळी तिने पेज मागून घेतली. दुसऱ्या दिवशी उठून बसली. चौथ्या दिवशी आईशी भांडली, आणि भांडणारं पोर मरत नाही हे आईबापांना कुणी शिकवावं लागत नाही. मेंढपाळ भिंतीवर थाप मारून बायकोला म्हणाला, "बघितलंस? पक्क्या घराचा गुण." बायको खाली बघून भाकरी थापत होती.

सहाव्या दिवशी दुपारी पोरगी शिंकली.

एकदाच शिंकली. तुम्ही आम्ही म्हणालो असतो, धूळ गेली असेल नाकात. पण डोंगरातल्या माणसाला शिंक म्हणजे सांगावा. त्याने पडदा ओढून घेतला, भर दुपारी अंधार केला आणि पणती पेटवली.

वारेधरणी आहे असं पाहून पोरगी हरखली. "बा, मी गोळा करू?" ती म्हणाली. तिला धावणं जमणार नव्हतं. म्हणून ती अंथरुणावरच बसून, माठाखालच्या ओल्या मातीत घोंगडीतली लोकर मिसळून गोळा वळू लागली.

पणती भिंतीच्या कडेकडेने फिरली. ज्योत ताठ होती. पणती पोरीच्या उशाशी आली आणि ज्योत आडवी झाली. तिथे एक कोनाडा होता, त्यात पाण्याचा तांब्या ठेवलेला होता. मेंढपाळाने तांब्या उचलला. मागे भिंतीला आरपार भोक होतं. कुणीतरी खुरप्याने ते हळूहळू, रोज थोडं थोडं कोरलं असावं. त्यातून येणारा वारा थेट पोरीच्या कपाळावर पडत होता.

"मी पाडलंय ते," बायको मागून म्हणाली. "आरपार होऊन आज सहा दिस झाले. सहा दिसांतच पोर उठून बसली. इचार करा जरा."

मेंढपाळाने पणती खाली ठेवली. "दोन गेली ती असल्याच भोकातनं," तो म्हणाला. "तवा मी बघितलं न्हाई. आता बघितल्यावर कसं सोडू?"

वाचकहो, ती बाई खोटं बोलत नव्हती. पण त्या दोघांचं नाव निघालं की तिचंही धैर्य गळून जाई. कणगीमागची फट तिनेही पाहिली होती. आपण चुकत असलो तर, असं तिच्या मनात आलं, आणि तेवढ्या एका शंकेने ती बाजूला सरली.

"वारा घावला का, बा?" पोरीने विचारलं.

"घावला, बाळा."

पोरीने मातीचा गोळा पुढे केला. बापाने तो घेतला, भोकात दाबून बसवला आणि वरून तळहाताने सारखा केला. मग बायकोला म्हणाला, "लापशी कर. सण हाय." आईने लापशी केली. पोरीने दोन घास खाल्ले.

पुढे सांगायला फार नाही, आणि सांगवतही नाही. उन्हाळ्याचा तेवढाच काय तो कठीण पंधरवडा उरला होता. कुंभारीण दोनदा दाराशी आली. एकदा तिने ओलं फडकं आणलं, एकदा पोरीला आपल्या अंगणात न्यायचा हट्ट धरला. मेंढपाळाने तिला दारातूनच परत पाठवलं. तो पोरीजवळून क्षणभर हलला नाही. तिला पांघरूण घालत राहिला, पाय चोळत राहिला, स्वतः घामाने निथळत राहिला. त्याच्या मायेत कुठे उणं नव्हतं. शेवटच्या सकाळी पोरगी त्याच्या मांडीवरच गेली.

कुंभारीण न्हाऊ घालायला आत शिरली आणि चार श्वासही न घेता बाहेर आली. पदराने तोंड पुसत ती उंबऱ्यापाशी उभी राहिली. "बाहेर आणा तिला," ती म्हणाली. "आता तरी बाहेर आणा."

पोरीला अंगणात आणलं. नदीवरून वारा येत होता. ताटीवर निजलेल्या पोरीचे केस कपाळावर हलत होते, आणि जमलेल्या साऱ्या गावात त्या वाऱ्याने कुणी शिंकलं नाही की खोकलं नाही. तान्ही पोरं आयांच्या कडेवर त्याच वाऱ्यात शांत झोपली होती. मेंढपाळाने एकेकाकडे पाहिलं. तेव्हा कुठे त्याला कळलं, आणि कळलं ते असं की त्यानंतर दुसरं काही कळायचं उरलं नाही.

पोरीला माती देऊन लोक पांगले. मेंढपाळाने कुदळ घेतली आणि घराच्या भिंतीवर घाव घालायला सुरुवात केली. भिंत त्याच्याच हातची होती, सहज थोडीच पडणार? दुपारपासून संध्याकाळपर्यंत तो खपला, हाताची सालं निघाली, तेव्हा कुठे माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पडलं. वारा आत शिरला. चुलीतली राख उडाली, गाडग्यांवरची धूळ उडाली. घर पहिल्यांदाच गार झालं.

बायको अंगणात बसून होती. तिने वर पाहिलं.

"कुणासाठी, धनी?" ती म्हणाली.

मेंढपाळाच्या हातातून कुदळ गळून पडली.

ती दोघं पुढे कुठे गेली नाहीत. डोंगरात परत जायचं तर एक मागे राहते, आणि इथे राहायचं तर दोन तिकडे एकटे पडतात. त्या घरात मात्र त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. अंगणातच राहिली, अंगणातच म्हातारी झाली. घर पावसापाण्याने हळूहळू विरघळून गेलं.

म्हणून बाळगोपाळांनो आणि जाणत्यांनो, एवढं ध्यानात असू द्या: नव्या मुलखात घर बांधताना जुन्या भीतीला गवंडी करू नये, ती भिंती पक्क्या घालते पण श्वासाला जागा ठेवत नाही.