निळीचा कोंब

फार मागे एका परसबागेत शोभेचं निळं गवत होतं. सगळे त्याला निळी म्हणत. तिच्या बुडाशी पहिला कोंब फुटला, तोही निळसर, पिठुळ. निळीने त्याला निरखलं.

"भुरीची बुरशी पडलीय गं याच्यावर." वारा आला की ती आपल्या पात्याने त्याला पुसू लागली.

"पुसतेस काय?" शेजारची दूर्वा म्हणाली. "ती पूड म्हणजे तुमचं उन्हातलं पांघरूण. तुझ्या अंगावर नाही का?"

"असेलही. पण भुरीच निघाली तर?"

पुसून पुसून कोंब हिरवा, तुकतुकीत झाला. निळीचा जीव भांड्यात पडला.

मग वैशाख आला. उघडा कोंब करपू लागला.

"आई, सावली दे."

निळी त्याच्यावर पुरती वाकली. पण तिचं पातं सुईएवढं, सावलीही तेवढीच.