झेंडूआडचा लाल दिवा

घरं उन्हाची वीज करायला नुकतीच शिकत होती, तेव्हाची ही गोष्ट. अनसूयाताईंच्या पिठाच्या गिरणीवर सौर पॅनेल बसवली होती. प्रत्येक पॅनेलखाली एक छोटा इन्व्हर्टर होता. पॅनेलने पकडलेल्या उन्हाची तो गिरणीला चालेल अशी वीज करून देई.

खंडेनवमीला ताईंनी चक्कीपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार घातले. नेमका त्यानंतर कोपऱ्यातला इन्व्हर्टर बिघडला. त्याचा हिरवा दिवा लाल झाला, पण हाराआड तो कोणाला दिसेना.

“बरंच झालं,” तो पॅनेलला म्हणाला. “दिसलो तर भंगारात जाईन.”

“आणि माझं ऊन रोज वाया चाललंय, त्याचं काय?” पॅनेल चिडलं. “वॉरंटी दिवाळीपर्यंतच आहे. आत्ता कळलं तर कंपनी बदली इन्व्हर्टर पाठवील. नंतर कोण विचारतंय?”

खालून ताईंचा आवाज आला, “एवढं ऊन असून वीज कमी कशी पडते गं बाई?”

इन्व्हर्टरला राहवेना. छपरावर घरट्यासाठी काड्या गोळा करणाऱ्या खारीला तो म्हणाला, “खारुताई, घरट्याला दोरा हवाय ना? माझा हार ओढून ने.”

लाल दिवा दिसताच ताईंनी फोटो काढून कंपनीला पाठवला. दिवाळीआधी नवा इन्व्हर्टर आला. जुन्याला खोक्यात ठेवताना मेकॅनिक म्हणाला, “हा कारखान्यात जाणार, ताई. कुठे बिघडला ते बघूनच पुढचे पक्के बनवतील.”

पुढच्या खंडेनवमीलाही ताईंनी हार घातले. फक्त दिव्यापुरती जागा मोकळी सोडली.